सत्कारामागचा पडदा

मित्रांनो, मानवी प्रतिष्ठेचं रक्षण करण्याचं काम फार थोड्यांच्या वाट्याला येतं, आणि मी ते आयुष्यभर केलं. मी एक जुना पडदा आहे. तीन पानांचा, लोखंडी पाइपांचा, हिरव्या कापडाचा. खाली चाकं आहेत, पण त्यांतलं एक फिरत नाही. त्यामुळे मला ओढावं लागतं, आणि ओढलं की मी जो आवाज करतो तो थेट जिन्यापर्यंत जातो. लोकांची लाज झाकायची आणि ती झाकतोय याची वर्दी साऱ्या इमारतीला द्यायची, असा माझा एकूण कारभार. तसं पाहिलं तर माझा सर्वांत खात्रीचा उपयोग दुपारच्या जेवणाचा. माझ्यामागे बसून डबा उघडला की वाटेकरी येत नाहीत.

माझा जन्म यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, गफ्फारभाईंच्या शेडमध्ये झाला. गफ्फारभाई एरवी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करायचे. मला बनवून घ्यायला शीलाताई आल्या होत्या. शीला मनवर या परिचारिका, आणि जिल्ह्यातल्या परिचारिका व फिजिओथेरपिस्ट यांच्या संघटनेच्या सभासद. त्यांनी मला चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "गफ्फारभाई, आरपार दिसणार नाही ना?"

"दिसणार नाई मॅडम," गफ्फारभाई चष्मा वर करत म्हणाले. "ऐकू मात्र सगळं येईल. आवाजाचं वेल्डिंग अजून निघालं नाई."

त्या हसल्या आणि मला टेम्पोत घालून घेऊन गेल्या. माझ्या कामाची पूर्ण माहिती मला त्या एका वाक्यात मिळाली होती, पण तेव्हा मी नवा होतो.

आता संघटनेविषयी. परिचारिका दिनाला रांगोळी स्पर्धा घ्यायची, निवृत्त होणाऱ्यांना निरोप द्यायचा आणि मागण्यांचं निवेदन देताना फोटो काढायचा, ही संघटनेची कामं होती. तिन्ही कामं ती चोख करी. अशा संघटनेच्या सभेत एकदा शीलाताई उठून म्हणाल्या की, आपल्या जिल्ह्यात खोकलं तरी लघवी सुटते अशा किती बाया आहेत, ऑपरेशननंतर ताबा गेलेले किती पुरुष आहेत, आणि आपण वॉर्डात काय करतो, तर चादर बदलतो. विचारत कोणीच नाही. ही सेवा आपण सुधारली पाहिजे.

काही जण पंख्याकडे पाहू लागले. पण अध्यक्ष राजदीप मुनेश्वर यांनी पाठिंबा दिला आणि ठराव झाला. नावावर बरीच चर्चा झाली. शेवटी 'मूत्रसंयम सेवा उन्नयन उपक्रम' असं ठरलं. ते कोणालाच नीट कळलं नाही, त्यामुळे कोणी विरोधही केला नाही.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, काम खरोखर चांगलं झालं. तालुक्यातालुक्यांतल्या परिचारिकांना शिकवलं गेलं की म्हाताऱ्या माणसाला औषध विचारता तशी लघवीही विचारा, आणि विचारताना शेजारच्या खाटेला ऐकू जाईल असं विचारू नका. संघटनेच्या इमारतीत फिजिओथेरपीची खोली होती. तिथे मला उभं करून दर गुरुवारी दुपारी शीलाताई बसू लागल्या. बोर्ड रंगवायला दिला होता, पण रंगाऱ्याने तो काही दिला नाही आणि कोणी आणायलाही गेलं नाही. संघटनेच्या हातून झालेली ही सर्वांत मोठी रुग्णसेवा.

कारण बोर्ड नव्हता म्हणून लोक येऊ लागले. त्या खोलीत एरवी गुडघेदुखीचे लोक येत, त्यामुळे गुरुवारी येणाऱ्या प्रत्येकाचे गुडघे दुखत. बाहेरच्या बाकावर बसून माणसं एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत.

"तुमचा कोणता?" असं एकदा हरिसिंग राठोडांनी शेजारी बसलेल्या बाईंना विचारलं. हरिसिंग हे एसटीतले निवृत्त कंडक्टर, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेले.

"उजवा," त्या बाई म्हणाल्या.

"माहा डावा."

"बरं झालं, जोडी पुरी झाली," बाई म्हणाल्या, आणि मग दोघंही भिंतीकडे बघत बसले.

त्या बाई म्हणजे आर्णीच्या मथुराबाई भगत. त्यांची गोष्ट मला सांगायची आहे. पहिल्या दिवशी त्या स्टुलावर पाय जुळवून बसल्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

"काय दुखते मावशी?" शीलाताईंनी विचारलं.

"गुडघे."

"दोन्ही?"

"दोनी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हा पडदा पुरा लागते का?"

शीलाताईंनी मला ओढलं. मी माझ्या पद्धतीने किंचाळलो. तो आवाज थांबल्यावर मथुराबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "गुडघ्याले काई नाई झालं बाई. गुडघ्याचं म्हनशीन तं मी आर्णीहून पायी आली असती."

"मग?"

"खोकलं का होते. शिंकलं का होते. कुकरची शिटी झाली का दचकूनच होते. हासाचं तं मी सोडूनच देल्लं. आता कोनी हासवाले लागलं का मले त्याचा रागच येते."

शीलाताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मथुराबाईंनी तो तसाच सरकवला. "सकाळपासून घोट नाई घेतला. एसटीत बसाचं असलं का आदल्या रोजपासूनच पानी बंद."

"पाणी बंद केलं की जळजळ होते मावशी, आणि घाई आणखीच वाढते. पाणी प्यायचं."

"पिऊ तं मंग एसटी कोन थांबवन, तू?"

शीलाताईंनी ग्लास तिथेच राहू दिला. त्यांनी विचारलं, "एवढ्या वर्षांनी आजच काहून आल्या?"

मथुराबाई माझ्या कापडाकडे पाहत म्हणाल्या, "मायी लेक उमरखेडले देल्ली. तिची पोरगी दीपमाला, तिचं लग्न हाये उन्हाळ्यात. लेकीनं सांगून ठेवलं, माय, तू पयल्या रांगीत बसजो. मी कईची उमरखेडले गेलीच नाई. इतक्या दूरची एसटी, कशी बसू? लेकीले वाटते मी रुसली तिच्यावर."

"सांगितलं नाही तिला?"

"काय सांगू? तुई माय गळते म्हनून?"

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. तुम्हाला वाटत असेल की माणसं म्हातारपणी घराबाहेर पडत नाहीत ती पाय थकतात म्हणून. मीही तसंच समजत होतो. माझ्यामागे चार गुरुवार बसलात तर तुमचा समज बदलेल.

शीलाताईंनी व्यायाम शिकवला. लघवी अडवताना आतून जसं वर ओढतो तसं ओढायचं, धरायचं, मग हळूच सोडायचं. मथुराबाईंनी डोळे मिटले, श्वास कोंडला आणि गाल फुगवले.

"मावशी, गालानं नाही धरायचं."

"मंग सांग ना तसं. मी कवाची गालंच पकडून बसली."

पुढे त्या दर गुरुवारी येत राहिल्या. पाणी प्यायला लागल्या. घरी घाई झाली तरी लगेच न उठता थोडं थोडं धरायला शिकल्या. कधी धडपणे जमे, कधी पिशवीतून ओलं फडकं परत जाई. एखाद्या गुरुवारी त्या रागावून म्हणत, "हे तुमचं शहराइकडचं फॅड हाये. आमच्या आजीनं कुठी आवळलं होतं?" आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा हजर. हरिसिंगही येत. ते म्हणत, "पुरी नोकरी लोकायले सांगत गेलो, धीर धरा, स्टॉप आल्यावरच उतरा. आता शरीर मायं ऐकून नाई राह्यलं." त्यांचंही हळूहळू ऐकू लागलं. बाकावरचे डावे-उजवे गुडघे वाढत गेले. माझं कापड शीलाताई स्वतः घरी नेऊन धूत. माझ्या आयुष्यातले ते बरे दिवस.

आणि मग एका गुरुवारी मथुराबाई आल्या त्याच वेगळ्या आल्या. पडदा ओढायचीही वाट पाहिली नाही.

"आज काय झालं सांगू का. एसटीत एक लेकरू मायाकडे पाहून वाकुल्या दाखवून राह्यलं होतं. असं तोंड केलं त्यानं का मी हासलीच."

"मग?" शीलाताईंनी पेन खाली ठेवलं.

"मंग काय? नुसती हासली."

त्यांनी टेबलावरचा ग्लास उचलून पाणी प्यायलं. मग मथुराबाई म्हणाल्या, "उमरखेडची एसटी आर्णीहून कितीले निंगते, इचारून ठेवलं म्या."

इथेच माझं आत्मवृत्त संपवलं असतं तर ते शाळेत वाचून दाखवण्यासारखं झालं असतं. पण संघटनेने काम चांगलं केलं होतं, आणि चांगलं काम झालं की आपल्याकडे ते तसंच सोडून द्यायची पद्धत नाही.

अध्यक्ष राजदीप सर एका दुपारी सगळे गेल्यावर आले. ते रुग्णांच्या स्टुलावर बसले, आणि दुसरं कोणी नसतानाही त्यांनी मला स्वतःच्या हाताने ओढून घेतलं. शीलाताई समोर होत्या. सर बराच वेळ मनगटावरचं घड्याळ फिरवत होते.

"मायी माय," ते म्हणाले, "शेवटी वरच्या खोलीत राह्यली. आम्ही लोकायले सांगाचो, तिले वर हवा बरी लागते. हवेचं काही नव्हतं शीलाताई. वास येत होता. मी वॉर्डाचा इन्चार्ज. साऱ्या वॉर्डाच्या चादरी बदलून घेतल्या, पन तिले एक डाव बसून नाई इचारलं का माय, तुले काय होते."

मी माणसांचं पुष्कळ ऐकलं आहे. इतका हळू आवाज क्वचित. राजदीप सर वाईट माणूस नव्हते, हे मी लिहून देतो. ते उठले, रुमालाने तोंड पुसलं, आणि उभं राहिल्यावर त्यांचा आवाज पुन्हा अध्यक्षांचा झाला.

"ही लाज समाजातून गेली पायजे. आपण एक मोठा जागृती मेळावा घेऊ."

"कायले सर? लोक येऊन राह्यले ना," शीलाताई म्हणाल्या.

"बाकभर लोक येऊन राह्यले. जिल्हा केवढा हाये. दिसलं तं येतील. अन् राज्य शाखेलेही दिसलं पायजे. एक बरी झालेली बाई सांगा, तिचा सत्कार करू."

शीलाताईंनी मथुराबाईंचं नाव सांगितलं. मग घाईने म्हणाल्या, "पण नाव नका घेऊ त्यांचं."

"नावाशिवाय सत्कार कसा होईल? तिनं काय गुन्हा केला? अभिमानाची गोष्ट हाये."

मित्रांनो, आपल्याकडे माणसाची निंदा थांबवता येते. सत्कार थांबवता येत नाही. शाल आणली की ती कोणाच्या तरी खांद्यावर पडल्याशिवाय राहत नाही. शीलाताईंनी मथुराबाईंना फोन केला आणि एवढंच सांगितलं की येत्या गुरुवारी कार्यक्रम आहे, चांगलं लुगडं नेसून या. मथुराबाईंनी विचारलं, "जेवन हाये का?" शीलाताई म्हणाल्या, "आहे." बाकी काही सांगायला त्यांची जीभ वळली नाही.

मेळाव्याच्या सकाळी सभागृहात बॅनर लावायला घेतला. भिंतीत खिळा बसेना, पोपडे पडू लागले. तेव्हा कोणाला तरी सुचलं की तो पडदा आणा. मला खोलीतून ओढत नेलं. स्टेजवर सरळ उभं केलं, आणि माझ्या हिरव्या कापडावर टाचण्यांनी बॅनर लावला. त्यावर लिहिलं होतं: 'मूत्रगळतीवर विजय मिळवणाऱ्या श्रीमती मथुराबाई भगत (आर्णी) यांचा जाहीर सत्कार.' शेजारी मथुराबाईंचा फोटो, आधार कार्डावरचा मोठा केलेला.

ज्या बाईला मी हिवाळाभर झाकलं, तिचं नाव माझ्याच अंगावर चढलं. मला हात नाहीत. असते तरी मी काय केलं असतं कोण जाणे. हातवाले सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत बसले होते.

मथुराबाई निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून आल्या. त्यांना मागच्या दाराने आणून थेट स्टेजवर, माझ्यासमोर खुर्चीत बसवलं. त्यांचं तोंड लोकांकडे आणि पाठ माझ्याकडे. चौथी शिकलेल्या होत्या, अक्षर लावून वाचता येत होतं. पण त्या भरल्या सभागृहात तो बॅनर न दिसणाऱ्या त्या एकट्याच होत्या. मधल्या रांगेतून कोणी ओळखीचं हसलं की त्याही मान हलवत. पाण्याची बाटली समोर होती; त्या मधूनमधून ऐटीत घोट घेत होत्या.

राजदीप सरांनी भाषण केलं. त्यांना समाजातली लाज घालवायची होती, आणि ते मनापासून बोलले. "मित्रहो, कालपर्यंत ज्यांचं लुगडं ओलं होतं," ते म्हणाले, "त्या माउली आज आपल्यासमोर कोरड्या बसलेल्या आहेत."

टाळ्या झाल्या. जोरदार झाल्या.

मी मथुराबाईंची पाठच पाहत होतो. ती एकदम ताठ झाली आणि तशीच राहिली. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे, म्हणजे बॅनरकडे, पाहिलं. ओठ हलवत त्या अक्षर लावत गेल्या. पहिला शब्द जोडाक्षरी होता, त्याला वेळ लागला. तेवढ्यात शाल आली. त्यांनी ती घेतली, "जय भीम" म्हणाल्या आणि खाली बसल्या. सरांनी त्यांच्या हातात स्मृतिचिन्ह दिलं. आईविषयी सर एक शब्द बोलले नाहीत. ते मला माहीत आहे आणि शीलाताईंना माहीत आहे. मागच्या रांगेतले हरिसिंग राठोड उठले आणि दोन्ही गुडघे उत्तम असल्यासारखे झपाझप बाहेर गेले.

फोटो सगळ्या ग्रुपवर गेले. मथुराबाई एसटीतून उतरायच्या आधी ते आर्णीला पोचले होते.

पुढच्या गुरुवारी बाक रिकामा होता. मथुराबाई मात्र आल्या. स्टुलावर बसल्या नाहीत. पिशवीतून शाल काढून त्यांनी टेबलावर ठेवली, घडी न मोडलेली.

"हे ठेव बाई. मले थंडी नाई वाजत."

"मावशी, कोणी काही बोललं का?" शीलाताईंनी विचारलं.

"काई वाईट नाई बोललं. सारे अभिनंदन करून राह्यले. किरानावाल्यानं केलं. पोस्टाच्या पोरानं केलं. आंगनवाडीच्या बाईनं तं हात हातात घेऊन केलं. एखाद्यानं तोंड वाकडं केलं असतं तं मी त्याच्याशी भांडली असती. अभिनंदनाले काय म्हनू?"

"मी सांगायला पायजे होतं तुम्हाले."

"पायजे होतं," मथुराबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"लग्नाले जाल ना? आता तर जमते तुम्हाले."

"जमते. आर्णी ते उमरखेड कुठी न उतरता जमते, म्या करून पाह्यलं असतं तं. पन पावनेमंडळी कपड्याकडे पाह्यतीन ना बाई. मी पयल्या रांगीत बसली का साऱ्याइचे डोळे तितंच जातीन. पोरीच्या लग्नात लोकायनं नवरीकडे पाहाव, का माया लुगड्याकडे?"

मथुराबाईंनी जाताना माझी तिरपी झालेली कड सरळ केली. सवयीने केली असावी.

त्यानंतर रंगाऱ्याकडून बोर्ड आणला गेला. तो आता जिन्याच्या तोंडाशी आहे, रस्त्यावरून वाचता येतो. यवतमाळात गुडघेदुखीला वेगळाच अर्थ आला, त्यामुळे ज्यांचे गुडघे खरंच दुखत होते तेही येईनासे झाले. उपक्रमाला प्रतिसाद का कमी झाला यावर संघटनेच्या सभेत चर्चा झाली. जागृती कमी पडली असं निदान निघालं आणि आणखी एक मेळावा घ्यावा असं ठरलं. सत्कारासाठी मात्र कोणी मिळालं नाही. राज्य शाखेकडून कौतुकाचा निरोप आला. शीलाताई अजून दर गुरुवारी बसतात. मधेच उठून मला उगाच जरा ओढून ठेवतात. माझ्या कापडाला टाचण्यांची भोकं पडली आहेत. त्यातून आरपार दिसतं. गफ्फारभाईंचं ते बोलणंही खोटं पडलं.

लग्न झाल्यावर दीपमाला एकदा आली. नवी नवरी, हातावरची मेंदी अजून गेलेली नव्हती. तिने फोटोवरून शीलाताईंचा पत्ता काढला होता.

"आजी लग्नाले आली नाई," ती म्हणाली. "गुडघे दुखते म्हने. आई लय रडली. तिले अजून वाटते आजी रुसली. म्या तो फोटो पाह्यला होता. मले काई वाटलं नाई मॅडम. म्या तिची खुर्ची धरून ठेवली होती, जेवनापर्यंत कोनाले बसू नाई देल्लं."

शीलाताई म्हणाल्या, "तू तिले सांगितलं का, की मला काही वाटत नाही म्हणून?"

"असं कसं बोलाव, आजीसंगं," ती म्हणाली.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस प्रवास टाळत असेल, हसणं टाळत असेल, पाणी टाळत असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि हळू आवाजात विचारा. ते बरं झालं तर आनंदही करा, पण तोही हळू आवाजात. जगात शाली पुष्कळ आहेत आणि पडदे कमी आहेत. जे आहेत त्यांना भोकं पाडू नका.

जाताना दीपमालाने आणखी एक सांगितलं. उमरखेडच्या त्या मंगल कार्यालयात बायकांसाठी स्वच्छ बाथरूम होतं. त्याचं दार पहिल्या रांगेशेजारीच होतं.